चितारलेला झरा

२ मार्च १६०३
न्यायाधीश येणार! त्याआधी त्यांना दाखवायचं गावाचं चित्र पुरं करायचं. ज्या गावाला स्वतःचं पाणी नाही ते मोडायचं आणि माणसं खाली मठाजवळच्या वस्तीत कोंबायची, असा समुद्रापलीकडच्या राजाचा हुकूम आहे. आमचा झरा महामारीच्या साली आटला तो आटलाच. बायका दरीतून घागरी आणतात.

मुखिया म्हणाले, "तू चितारी. बघ काहीतरी!" म्हणजे खोटं काढायचं ते मी. बरे आहेत!

५ मार्च
डोंगर झाला. पण नुसता डोंगर म्हणजे आमच्या चित्रात गाव नव्हेच — पायथ्याशी पाणी हवं.

६ मार्च
काढलं पाणी! निळे पट्टे, त्यात काळ्या लहरी, फुटणाऱ्या धारांच्या टोकांना एक थेंब, एक शंख, पुन्हा थेंब. सासूबाई डोकावल्या. "जावईबापू, पाण्याला न विचारता बोलावलंत?" मी म्हटलं, मठातल्या पाद्रीबाबांना सांगू का तुमचं हे जुन्या देवांचं? एरवी हसल्या असत्या. आज नाही.

७ मार्च
सासूबाई दिवसभर कान देऊन बसल्या होत्या. "वाहतंय," म्हणाल्या. मला काही ऐकू आलं नाही.

८ मार्च
बायको — शोको — धावत आली. "अहो, झरा आला!" दारात उभी राहून नेसण पिळत होती. कापड कोरडं ठणठणीत.

९ मार्च
झऱ्यावर गेलो. सगळं गाव तिथे. पोरं एकमेकांवर पाणी उडवताहेत, मुखिया ओंजळीने पिताहेत, रडताहेत — आणि मला दिसतात ते दगड. त्यांवर एक सरडा. "पाहिलंस का रे!" मुखिया म्हणाले. मी म्हटलं, पाहिलं.

न्यायाधीशांसाठी सगळे मिळून सोंग करताहेत. तसंच असणार. मग मला का नाही सांगितलं? भीती वाटते.

१२ मार्च
न्यायाधीश झऱ्याशी घोड्यावरून उतरले, प्यायले, "गोड आहे" म्हणाले. चित्रावर सही केली. गाव वाचलं! मीही रडलो.

त्यांचा घोडा मान खाली घालून किती वेळ पीत होता. माणसं सोंग करतील. घोड्याला कोणी शिकवलं?

१३ मार्च
दरीतलं शिळं पाणी शोकोने काल ओतून दिलं. तेव्हापासून घशाला कोरड आहे. आत्ता तिने भांडं हातात दिलं. "प्या ना! आता दरीत कोण मरायला जातंय?" भांडं रिकामं. मी प्यायल्यासारखं केलं.

"सांडताय की!" म्हणाली, आणि हाताने माझी हनुवटी पुसली.