परंदवडीची बावन्न घरं

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५
आजपासून रोजनिशी. राग कागदावर काढायचा, कारण वर्गात काढला की पालक येतात.

नववीला शोधनिबंध कसा लिहायचा ते शिकवायला घेतलंय. जानेवारीत लोणावळ्याला तालुक्याची बालसंशोधक परिषद. ज्या शाळेचा निबंध पहिला, तिथला मार्गदर्शक शिक्षक तालुक्याचा संशोधन समन्वयक. म्हणजे मीच. दुसरं आहे कोण? बी.एड.ला असताना परंदवडीतल्या बावन्न कुटुंबांच्या वाचनाच्या सवयींवर कृतिसंशोधन केलं होतं मी. उन्हातान्हात, दारोदार. आजच्या पोरांना जमायचं नाही.

विषय तोच दिला : आपल्या गावातलं वाचन.

संकल्प : ओरडायचं नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर
ओरडलो. फळ्यावर ठळक लिहून दिलं होतं : वाक्य कुणाचं ते सांगा, आकडा कुठला ते सांगा, मुळापर्यंत जा. त्यावर धवल विचारतो, मोबाईलने सांगितलं एवढं लिहिलं तर चालेल का. सगळ्या वर्गाला धुतलं. उद्या धवलची आई येणार आहे.

शनिवार, ६ डिसेंबर
एकोणीस निबंध आले. त्यातल्या सोळांत बावन्न कुटुंबं आणि ८३ टक्के लोक रोज वर्तमानपत्र वाचतात! देहूरोडला बावन्न, सोमाटण्याला बावन्न, लोणावळ्यातही बावन्नच. गावं आहेत की पत्त्यांचे कॅट? तळपायाची आग मस्तकात गेली. दरडावल्यावर कळलं, स्टेशनजवळच्या हनुमंतच्या झेरॉक्सच्या दुकानात 'वाचन प्रकल्प' तयारच मिळतो. गावाचं नाव तेवढं बदलायचं.

शुद्ध चोरी! ज्याने मुळात घाम गाळला त्याचं काय?

आकडा मात्र चांगला आहे. कुठेतरी वाचल्यासारखा वाटतो.

सोमवार, ८ डिसेंबर
कोमल. परंदवडीची, मधल्या बाकावरची, वर्षभरात कधी तोंड न उघडलेली. तिने विषय बदलून मागितला. हा झेरॉक्सचा प्रकल्प मुळात कुणी लिहिला ते शोधते म्हणाली. वर्गासमोर शाबासकी दिली. म्हटलं, कुणाची भीडभाड ठेवू नकोस, चोर सापडला तर सरळ नाव छाप.

एक तरी पोरगी घडवली मी.

मंगळवार, १६ डिसेंबर
हनुमंतकडच्या गठ्ठ्यात कोमलला सगळ्यात जुनी प्रत मिळाली. मुखपृष्ठ फाटलेलं. गाव परंदवडी. मी सांगितलं, परंदवडीवर काम करणारे आम्ही बरेच असणार.

दुपारपासून डोकं ठणकतंय. चहात साखर नाही म्हणून बायकोवर, इरावतीवर चिडलो. चहा मीच केला होता, हे तिने नेमकं लक्षात आणून दिलं.

सोमवार, २२ डिसेंबर
कोमल शाळा सुटल्यावर गावातली घरं फिरली. जुन्या प्रतीतल्या यादीतली बावन्नच्या बावन्न. त्यांतल्या एकावन्न घरांत म्हणे कुणी कधी काही विचारायला आलंच नव्हतं. बावन्नाव्या घराचं काय, हे मी विचारलं नाही. तिला समजावलं की खेड्यात लोक विसरतात, संशोधनाला मर्यादा असतात, आता हा विषय सोड. तर म्हणते, सर, मुळापर्यंत जा असं तुम्हीच लिहिलंय. आणि फळ्याकडे बोट!

महिना झाला, फळा पुसला नाही कुणी! पाळी धवलची. असा झापला की बस. येऊ दे त्याच्या आईला.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६
निबंध पाठवायचा शेवटचा दिवस. मोठ्या बाईंनी तीनदा शिपाई पाठवला. जरा म्हणून दम नाही या शाळेत! कोमलची छत्तीस पानं वाचणारच होतो. पहिलं पान उघडलं आणि चष्मा सापडेना.

सोबत मार्गदर्शकाचं छापील प्रमाणपत्र होतं : 'हा निबंध मी पूर्ण वाचला असून त्यातील सर्व माहिती सत्य आहे.' सही ठोकली. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकावा लागतो. शिवाय मुखपृष्ठ फाटलेलंच आहे.

चष्मा खिशात होता.

शनिवार, १० जानेवारी, सकाळी ८
आज परिषद. नवा कोट घातला. समन्वयक झाल्यावर करायचं भाषण इरावतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आभारात परंदवडीची बावन्न कुटुंबं राहिली. राहू दे म्हटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
कोमल पहिली आली.

तिने व्यासपीठावरून वाचलेल्या शेवटच्या पानावर स्रोत क्रमांक एक : आदरणीय श्रीपाद आगटे सर. म्हणजे मी. आदरणीय! मी उठून ओरडलो, पुरावा काय? ओरडायला नको होतं. पुरावा पहिल्या रांगेत बसला होता. कोमलची आजी, लीलाबाई.

त्या उभ्या राहून सांगायला लागल्या की व्हय, एक आगटे मास्तर आलतं, लय वर्सं झाली. ऊन हुतं म्हून आमच्या पडवीत बसलं. पोहे खाल्लं, दोनदा चा घेतला आन् समदं कागद तितंच भरलं. दुसऱ्या घरी कुटं गेलंच न्हाईत. परीक्षकांनी विचारलं, ओळखाल का? तर म्हणाल्या, त्ये काय, कोट घालून हुबं हायत.

मग माझ्याकडे वळून विचारलं, मास्तर, पास झालता न्हवं?

सभागृह हसून लोळलं. परीक्षकांनी माझं प्रमाणपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. सर्व माहिती सत्य असल्याची माझीच सही. समन्वयकाची नेमणूक रद्द.

रविवार, ११ जानेवारी
कोणाशी बोलणार नाही असं ठरवलं होतं. दुपारी कोमलचा फोन. चिडलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, सर, एक राहिलं. आजीने तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं की तिला वाचता येत नाही, पेपर कुणी वाचून दाखवला तर आवडेल. पण तुमच्या तक्त्यात तिला रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्यांत धरलंय. तेवढं मूळ प्रतीत दुरुस्त कराल का?

बरं म्हटलं.

माळ्यावरून मूळ प्रत काढली. धूळ झटकली. रोज वाचणाऱ्या त्रेचाळीस कुटुंबांतून एक वजा केलं आणि पुन्हा टक्केवारी काढली.

८१ आली. आता आकडा बरोबर आहे.