झाकणाची काच

ता. ४ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पोचले. खोली लहान आहे, खिडकी मोठी आहे. आठवीचे दोन वर्ग माझ्याकडे. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारलं, की बाई, तुम्ही घरात घोरपड पाळलीय हे खरं का. म्हणजे बातमी माझ्याही आधी गावात उतरली होती! घोरपड नव्हे, इग्वाना, असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता हिरवेशेठांचं. आधीच्या घरी त्याला साध्या बल्बखाली ठेवून अर्धमेला केला आणि मग आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात आणून टाकला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा मी तिथे नुसती शिकाऊ होते, तरी ह्याला नीट मोठा करीन असा डॉक्टरांना शब्द देऊन बसले. तो शब्द तुमच्या गळ्यात टाकून मी निघून आले, ह्याची टोचणी आहे. म्हणून पुन्हा लिहिते: अतिनील नळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. बसायच्या फांदीपासून सव्वा वीत वर. उबेचा बल्ब वेगळा. नळीचा पांढरा उजेड आपल्यासाठी, त्याच्या कामाचं त्यातलं न दिसणारं ऊन. ते अंगावर पडलं तरच खाल्लेल्याचं हाड होतं.

शेठची पेटी मात्र तुम्ही अशी केलीत की दवाखान्यातही तशी नाही. निघताना मी दोनदा झाकण उघडून पाहिलं. कडा इतक्या मऊ घासल्यात की बोट फिरवतच राहावं.

पदवीचं भेंडोळं कपाटातच असू द्या. घरातली पहिली पदवी म्हणून दुकानात टांगाल, ओळखते मी तुम्हाला. भिंतीवर चढण्याजोगं अजून काही केलेलं नाही मी.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायची लाज वाटते, म्हणून पत्रच लिहा. आत्याला नमस्कार.

तुमची माया आहेच, त्यातली थोडी शेठना द्या.
ठमी


ता. २ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. एका मोठ्या हॉटेलच्या आरशांचं काम आलं होतं, त्यात दोन महिने गेले. आत्याचा गुडघा आणि आत्याची जीभ, दोन्ही चालू आहेत.

शेठांचं लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. फांदीवर चढताना मागचे पाय थरथरतात. बोटं आपोआप उडतात. परवा खाली पडला. भोपळा तोंडात धरतो आणि सोडून देतो. डॉक्टरांकडे नेला. त्यांनी जबडा दाबून पाहिला, मऊ लागतो म्हणाले. अतिनील दिवा आहे का विचारलं. आहे, बारा तास असतो, मुलीने शिकवून ठेवलंय, असं मी छाती काढून सांगितलं. कॅल्शियमचं औषध दिलंय.

घाबरू नकोस. पण काय करायचं ते कळव.

बाबा


ता. ८ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मधल्या सुट्टीत आलं आणि पुढच्या तासाला मी एकच आकृती दोनदा काढली. आठवडाभर का थांबलात? हे सगळं हाडं विरघळल्याचं लक्षण आहे. अंगाला ऊन मिळत नाहीये, दुसरं काही नाही.

रागावू नका, पण खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं काम तुमचा हात स्वतःच करतो. लहानपणी मी अभ्यासाला बसलेली असतानाही कितीदा अंधार केला होतात! दिवसभर दुकानात असता, आत्या दुपारी आडवी होते. खरं सांगा, दिवा मधेच बंद होतो ना? मी काही बोलणार नाही. (बोलेन, पण कमी.)

दर तासाला दारापाशी जाऊन टपालवाला आला का बघते. परीक्षा होईपर्यंत रजा नाही. उलट टपाली लिहा.

ठमी


ता. १५ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पेटीशेजारी पाटी टांगलीय. काचेवर खुणा करायच्या पेन्सिलीने त्यावर रोज दिवा लावल्याची आणि मालवल्याची वेळ लिहितो. पाटी भरली की वहीत उतरवून पुसतो. तू गेल्यापासून सात ते सात. एक दिवस वीज गेली होती, चाळीस मिनिटं. तीही लिहिलीय. वही पाठवू का?

बटणावर चिकटपट्टी मारली आहे. ती मी मारली, माझ्याच हातावर विश्वास नाही म्हणून.

घरात शिकलेलं माणूस एकच. तिने सांगितलेलं ऐकायचं नाही तर कुणाचं? तेवढंच करत होतो.

बाबा


ता. २० ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वही पाठवू नका. वाईट वाटलं. तुमच्यापेक्षा माझं मलाच.

मग नळीत खोट असणार. ह्या नळ्या दिसायला जळत राहतात, पण आतला गुण ओसरतो. शहरात जाऊन नवी आणलीय, पार्सल सोबत आहे. मिळाल्याबरोबर बसवा. हात जोडून सांगते. काल वर्गात एकीने विचारलं, की शेठ बरे आहेत ना. हो म्हणाले. मुलांशी पहिल्यांदा खोटं बोलले.

तुमची, सध्या तोंड लपवून बसलेली,
ठमी


ता. ५ नोव्हेंबर

चि. ठमाबाईस,
आत्याचे अ. आ.

तुझ्या बापाला लिहायला सुचत नाही म्हणून मी लिहिते. अक्षराला हसू नकोस, चौथीनंतर सोडलेलं आहे.

नवी नळी आली त्याच दिवशी बसवली. पण शेठ आता फांदीवर चढतच नाही, खालीच पोट टेकून असतो. जबडा नुसता रबर. डॉक्टर म्हणाले, की महिनाअखेर स्वतःहून खायला लागला नाही तर त्याला हालात ठेवण्यात अर्थ नाही. दादाने ते ऐकू न आल्याचं सोंग केलं. मला कळतं सोंग कुठलं ते.

माझ्या भावाच्या सेवेत मात्र खोट काढू नकोस. सकाळी उठला की चहाच्या आधी पेटी. तुझ्या दिव्याखालची झाकणाची काच तो कागदाने पुसतो, फुंकर मारतो, पुन्हा पुसतो. बोटाचा ठसा राहू देत नाही. म्हणतो, पोरीच्या उन्हाला आडकाठी नको. नवी नळी आल्यावर तर दिवसातून दोनदा. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि हा तिथे फुंकरा मारतोय!

तू येऊन जा गं. शेठपेक्षा मला दादाची जास्त काळजी वाटते.

आत्या


ता. १० नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र वाचून तिला मोबाइलवर आत्ताच ओरडून सांगितलंय, झाकण काढ म्हणून. हे पत्र पोचेपर्यंत ते निघालेलं असेल. दिव्याखाली काच नको. जाळी बसवा, मोठ्या भोकांची. पण कारण तुम्हाला आत्याकडून कळायला नको.

उजेड काचेतून जातो. ऊब थोडीफार जाते. हाडं घडवणारं ते न दिसणारं ऊन मात्र साधी काच जवळजवळ सगळं अडवते. ती कितीही लखलखीत पुसली तरी. चार महिने दिवा सात ते सात चालला आणि शेठच्या अंगावर त्यातलं काहीच पडलं नाही.

हे मला माहीत होतं बाबा. दुसऱ्या वर्षाला ह्यावर प्रश्न होता, मी दीड पान उत्तर लिहिलं होतं. आणि निघायच्या दिवशी तेच झाकण दोनदा उघडून कडांवर बोट फिरवलं, वाहवा केली. शेठने नळीवर उडी मारून भाजून घेऊ नये म्हणून तुम्ही ती काच घातलीत, हे तेव्हा तुम्ही सांगितलंतही. मी मान डोलावली. शिकलेल्या माणसाने बघून मान डोलावली, मग तुम्ही कशाला शंका घ्यायची? आणि वर बटणावरून तुमच्यावर आळ घेतला.

चूक तुमची नाही. माझीच. हे मी वर्गातही सांगितलं, फळ्यावर पेटी काढून, काच काढून, सगळं. एक मुलगी म्हणाली, की बाई, म्हणजे पाठ होतं पण दिसलं नाही.

कोवळ्या उन्हात त्याला गच्चीवर न्या, अर्धा तास, मांडीवर. शेजारी सावली असू द्या. जगला तर लिहा. नाही जगला तरी लिहा.

ठमी


ता. १० मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं येतंय. कारण शेवटी सांगतो.

मधे तू चार दिवस येऊन गेलीस तेव्हा शेठ जेमतेम मान उचलत होता आणि तू बस सुटेपर्यंत मागे वळून बघत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो. जाळी चालू आहे. गच्चीवर रोज नेतो. समोरच्या बाई विचारतात, की एवढं काय मांडीवर घेऊन बसता. जावई आहे म्हणून सांगितलं. गेल्या आठवड्यात शेठ फांदीवर चढला, पहिल्या दमात नाही, तिसऱ्या. शेपटीचं टोक वाकडंच राहणार म्हणतात डॉक्टर. राहू दे.

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन हिंडलो. तीस वर्षं काच कापली. पलीकडचं दिसतं म्हणजे पलीकडे सगळं जातं, असंच धरून चाललो. ह्या वयात माझ्याच मालाबद्दल नवीन कळलं, आणि ते पोरीने स्वतःचा कान धरून सांगितलं.

ती झाकणाची काच टाकवेना. दुकानात ऊन येतं, त्याने कागद पिवळा पडतो. त्यातलं थोडं तरी ही काच अडवेल. तेव्हा ती कापली आणि तुझं भेंडोळं कपाटातून काढून तिच्यामागे बसवलं. तू नको म्हणाली होतीस. आता तुझं ऐकणार नाही. गिऱ्हाईकं विचारतात, मी सांगतो.

आता बोटाचं. परवा भोपळा भरवताना शेठने माझं बोट धरलं आणि सोडेचना. रक्ताची धार लागली. आत्या लाटणं घेऊन धावली. मी तिला म्हटलं, की थांब, ओढू नकोस, किती घट्ट धरलंय बघ तरी. दोन टाके पडले. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, की बोट चावलंय आणि हसताय काय. त्यांना कुठून समजावणार!

तुझा, नऊ बोटांनी लिहिणारा,
बाबा