उघाडीची दुसरी चावी

९ जानेवारी
ठमीला घेतलं! शांतता समितीत! मला नाही, ठमीला. माझी धाकटी जाऊ, जिच्या कोंबड्यासुद्धा तिचं ऐकत नाहीत.
सरपंच धर्माजी म्हणाला, "जनीआय, वरून सांगितलंय, दोन्ही गावांची एकेक बाई पायजे. ठमीकाकीला सही येते." सही! दोन महिने साक्षरतेच्या वर्गाला गेली होती. तेव्हा मी मिठागरात मीठ ओढत होते.
रुचिका, बोलते तसंच लिही. (नात माझी. कॉलेजात जाते, म्हणून माझं 'न्हाय' पुसून 'नाही' करते. करू दे.)

११ जानेवारी
सगळं त्या उघाडीवरून. खाडी अडवणाऱ्या खारबांधाला पाणी सोडायचं ते दार, अल्याड-पल्याड दोन्ही गावांचं एकच. दोन पावसाळ्यांमागे भाताला लोंब्या आल्या होत्या आणि आमच्या पोरांनी मासे धरायला ऐन भरतीला फळ्या काढल्या. त्यात माझा नातू मितेशही! खाडीचं खारं पाणी पल्याडच्या शेतांत. भात जळालं. मग काठ्या. त्यांच्या एकाचा हात मोडला, आमच्या दोघांची डोकी फुटली. पोलीस, केसी. तेव्हापासून बांध कुणी ओलांडत नाही.
माझी केसर पल्याड दिली आहे. इथून हाक मारली तर ऐकू जाईल! दोन पावसाळे माहेरी आली नाही. फोनवर चेहरा दिसतो, पण कपाळावरून हात फिरवता येतो का?
समितीत अकरा बापये होते. सहा बैठका झाल्या. ठरलं काय? डोकं आधी कुणाचं फुटलं, यावर चहा!
लेकी माहेरी कधी येणार, हे एकानेही विचारलं नाही. मी असते तर पहिलं तेच विचारलं असतं.

१८ जानेवारी
ठमी बैठकीला गेली. पल्याडच्या शाळेत. पोलिसांच्या गाडीतून! लुगडं पोपटी—माझ्याच आवडीच्या रंगाचं.
परत आली तर मी विचारलं, "केसर दिसली?"
"दिसली. वाळलीय थोडी." आणि मान खाली.
माझी लेक हिने बघितली! हिने! वर एक पिशवी पुढे केली, "बाय, केसरने धाडलंय." वालाच्या शेंगा. मी हात लावला नाही.

१९ जानेवारी
सोलल्या. गोड निघाल्या.

२७ जानेवारी
आज ठमीचं तोंड उतरलेलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.
म्हणाली, पल्याडची बाई लई तिखट आहे. "कोण गं?" "हाय एक." ती बाई म्हणते, उघाडीला दोन कुलपं लावा. एक चावी अल्याड, एक पल्याड, दोन्ही बायांच्या कमरेला. एकीशिवाय दुसरीला दार उघडता यायला नको. ज्यांनी फळ्या काढल्या त्यांनी दोन्ही गावांसमोर माफी मागायची, तरच केसी मागे. धर्माजीलाही सुनावलं, "डोकी बापयांची फुटली, पन दोन वर्षं पानी कुनी भरलं, पोरी शाळेत कुनी पोचवल्या? त्यांना कुनी इचारलं?"
म्हणजे माझ्या मितेशने खाली मान घालून उभं राहायचं! केवढी जीभ! हिच्या आईने हिला काही वळणच लावलं नाही. त्या आईला एकदा बघायचंय मला. चांगली सोलून काढते.
ठमी म्हणाली, "माझ्याच्यानं तिच्यापुढं बोलवत न्हाय." कसं बोलवेल! तिथे मी हवी होते.
दोन कुलपांचं मात्र मला सुचायला हवं होतं. ठमीला सुचलं नाही, तेवढाच आनंद.
रुचिका, हसतेस काय? लिही.

५ फेब्रुवारी
मितेशने माफी मागितली. रडला म्हणे. मग ज्याचा हात मोडला होता त्यानेच त्याला पाणी दिलं.
सह्या झाल्या. पहिलंच कलम—लेकीबाळींनी बांधावरून जायचं-यायचं, कुणी अडवायचं नाही. तेही त्या तिखट बाईने घातलं. माझं कलम! माझ्या पोटातलं! तिने मांडलं, ठमीने सही केली, आणि मी इथे बसून वाल सोलतेय.

६ फेब्रुवारी
केसर आली. बांधावरून, चालत. कमरेला चावी.
मी म्हटलं, "ही कसली गं?"
"उघाडीची." ठमी जमिनीकडे बघत होती. केसर म्हणाली, "आये, समितीच्या यादीतून तुझं नाव मीच गाळायला लावलं. तू समोर असतीस तर माझं तोंड उघडलं नसतं. काकीला शपथ घातली होती."
रुचिका, त्या बाईच्या आईला मी वर जे बोलले ना, ते खोडू नको. राहू दे.