अर्धी गोळी

पाली,
२७ ऑक्टोबर १९९४

तीर्थरूप अप्पांना प्रणिताचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्यांची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. इकडे बाजरी काढून झाली. माझा रवी गेल्यापासून सासूबाई मला पाण्याला एकटीला जाऊ देत नाहीत. स्वतः सोबत येतात.

यंदा कपिलधारच्या यात्रेत 'माझ्या नातवाच्या नावानं' हगवणीच्या गोळ्या वाटणार, दुप्पट मागवल्यात, असं तुम्ही लिहिलंत. तेव्हापासून रोज कागद घेऊन बसते.

पुढचं आईला वाचून दाखवू नका.

अप्पा, त्या गोळ्या वाटू नका.

रवीला पुरून आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "एवढ्या गोळ्या देऊनबी कावून थांबलं न्हाई, माय?" मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर बीडच्या डॉक्टरांनी बोलावलं. त्याची शौच तपासायला औरंगाबादला पाठवली होती, तिचं उत्तर आलं. त्याच्या पोटातल्या जंतूंवर ती गोळी चालतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, औषध थोडंच घेऊन सोडलं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. मग तेच पाण्यातून, हातांतून दुसऱ्या लेकरांत जातात.

त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. त्यांना तुम्ही माहीत नाही. अशा गोळ्या गावोगाव देतात. रवीला ते जंतू कुठून आले, कुणालाच सांगता येणार नाही. तुमची समजूत काढायला हे लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

पण यात्रेत सगळ्यांना पुरावी म्हणून आपल्या दुकानात तुम्ही सुरीनं एकेक गोळी अर्धी कापायचात, ते डोळ्यांपुढून जात नाही. "कुणाला पुरी अन् कुणाला रिकामं, असं आपल्या दारात न्हाई." तिथेच, पुड्या बांधायच्या कागदावर तुम्ही मला अक्षरं शिकवलीत.

रवी आजारात अंथरुणावर शेंगदाणे सोलून दोन फोडी करायचा. खायचा नाही. एक मला द्यायचा, दुसरी उशाशी ठेवायचा. "ही अप्पाला."

त्याच्या नावानं वाटायचंच असेल तर उकळून गार केलेलं पाणी वाटा, मीठ-साखर घालून. मी येते. ज्या लेकराला रक्त पडतंय त्याच्या आईला दवाखान्यात जा म्हणून सांगेन. तुमच्या शेजारीच बसेन.

माझ्यावर रागवा, पण उत्तर लिहा.

तुम्हीच लिहायला शिकवलेली,
प्रणिता