सरांच्या विषयाचा पेपर

२५ नोव्हेंबर, सोमवार
सरांना झटका येऊन आज बारा दिवस. उजवा हात लुळा, बोलणं जवळपास बंद. विभागप्रमुख म्हणाले, "ते परत येईपर्यंत तुम्हीच सांभाळा. सत्राचे तीनच आठवडे उरलेत." प्रोग्रामिंग लँग्वेजेस — बावीस वर्षं हा सरांचाच विषय. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. हो म्हणाले.

२६ नोव्हेंबर
प्रोजेक्टची मुदत या शुक्रवारवरून पुढच्या मंगळवारवर नेली. मागून एक जण — "मॅडम, सर कसे आहेत?" मुदतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गुणी पोरं.

२८ नोव्हेंबर
नऊ तारखेला, आमच्या पेपरच्या दिवशी, आमच्या खोलीत भलत्याच विषयाची परीक्षा लावलेली! परीक्षा विभागातल्या बाईंकडे गेले. त्या एरवी कुणाला दारात उभं करत नाहीत. वही चाळत म्हणाल्या, "सरांचा पेपर ना? वरचं सभागृह घ्या. बाकांचं मी बघते." शिवाय चहा पाजला. "माझा भाचा त्यांच्याच विषयात सुटला. तिसऱ्या खेपेला, पण सुटला."

१ डिसेंबर, रविवार
काढलेला पेपर घेऊन सरांकडे गेले. विचारायचं काही नव्हतं, नुसता दाखवावा म्हणून. सर खुर्चीत, मांडीवर उशी. काकूंनी त्यांचा चष्मा पुसून दिला. मी एकेक पान समोर धरत होते.

चौथ्या प्रश्नावर त्यांनी डाव्या हाताचं बोट टेकवलं, ते काढेचनात. वाटलं, दमले. पान उलटायला गेले.

"थांब जरा," काकू म्हणाल्या, "ते काहीतरी सांगतायत."

नीट पाहिलं. त्या प्रोग्राममध्ये एकच नाव दोन ठिकाणी वापरलेलं. त्यातलं कुठलं धरायचं याचे दोन नियम. दोन्हींची उत्तरं वेगळी यायला हवीत. आणि मी त्या नावाला दोन्ही ठिकाणी किंमत सातच दिलेली! कसंही सोडवा, उत्तर सात. अख्खा प्रश्न फुसका. सरांना 'पाणी' म्हणता येत नाही, पण हे दिसलं.

एका साताचे नऊ केले. सर हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसू तेच.

निघताना जिन्यात बसून थोडी रडले. बरं वाटलं.

३ डिसेंबर
सगळे प्रोजेक्ट आले. एकशे चार. एकही उशिरा नाही.

९ डिसेंबर
पेपर झाला. स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद आत न्यायला सर परवानगी देतात, तीही तशीच ठेवली. एका मुलीने कागदाच्या कोपऱ्यात सरांचं वाक्य लिहिलेलं — 'घाई केलीत तर दोनदा सोडवावं लागेल.' वाचून पटकन पुढे सरकले. तिथेच थांबले असते तर पंचाईत होती.

१३ डिसेंबर
काल गुण कळवले. आज फेरतपासणीचे नऊ अर्ज, त्यातले दोन खरे — बेरीज माझीच चुकलेली. माफी मागितली. "असू दे मॅडम, तुम्ही एकट्यांनी ओढलंत," मुलगा म्हणाला. एकटीने कुठे? कुणाकुणाचे आभार मानू!

सर आले की सगळं जसंच्या तसं त्यांच्या हवाली करायचं. फायलींवर चिठ्ठ्या लावून ठेवल्या.

१६ डिसेंबर
विभागप्रमुखांनी एक कागद पुढे केला. सरांचा राजीनामा. मजकूर काकूंच्या अक्षरात, खाली डाव्या हाताची वाकडी सही. शेवटची ओळ माझ्या नावाची — 'हा विषय यापुढे यांच्याकडेच राहावा.'

यांच्याकडे. आजवर सरांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.