वाडीला एक फाटा

दिवेआगर, मंगळवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय, आणि रागही. ह्यांनी आज मला न विचारता फाटकावर पाटी लावली, ‘समुद्रातून थेट वायफाय’. का, तर परदेशातून आलेली इंटरनेटची केबल किनाऱ्यावर चढवताहेत आणि ती आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून जाणार! इथे साधा फोन करायचा तर विहिरीच्या कठड्यावर चढावं लागतं. खोली घेतलेल्या पाहुण्यांना मी काय सांगू?

तशीच ह्यांना घेऊन किनाऱ्यावर गेले. केबलचे इंजिनिअर भिजल्या पँटीत चहा पीत होते.

हे म्हणाले, “साहेब, जाता जाता आमच्या वाडीला एक फाटा द्या ना.”

“काका, ती इथे थांबतच नाही. सरळ मुंबईला जाते. मला स्वतःला घरी फोन लावायला त्या टेकडीवर जावं लागतं.”

मी पदर तोंडाला लावला. हे मात्र हटेनात. “फार नको हो. एका मुलीचं ऑफिस चालेल एवढंच द्या.”

माझं हसू तिथेच थांबलं. आमची मनू पुण्याला नोकरीला. गणपतीत म्हणाली होती, नेट असतं तर इथूनच काम केलं असतं. मी विसरले होते. हे नव्हते विसरले.

येताना हे हळूच म्हणाले, “साहेबांना रविवारी जेवायला बोलावलंय. सुरमई कर. पोटभर जेवलेला माणूस नाही म्हणत नाही.”

वेडे आहेत. चांगली मोठी सुरमई बघायला हवी.