पारायणातले सात दिवस

माय, तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी चिडले की मला अजून तुझ्याशीच भांडावंसं वाटतं. तुझ्या जावयाशी भांडून उपयोग नाही, हे टीव्हीचा आवाज वाढवतात. लॉकडाऊनमध्ये तुझी नात पुण्याहून घरी आली होती, तेव्हाचं मनातून जात नाही. कंपनीचं काम संपलं की ती गच्चीवर फोन घेऊन बसायची. एका सकाळी आम्ही तिथंच कुरडया घालत होतो. मी विचारलं, "कोणाशी बोलत राह्यतं वं एवढं?" तिने सोऱ्या खाली ठेवला. "आई, माह्यासाठी पोरगं पाहू नको. पुण्यात जिच्यासंग राहतो ना, तिच्यावरच माहं प्रेम आहे. मी पहिल्यापासून अशीच आहो."

मी ओरडले नाही. त्याचाच मोठेपणा कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. म्हटलं, "कंपनीले सुट्टी सांग अन् सात दिवस पारायण कर. पोथीशिवाय तोंडातून शब्द नाही, फोन देवघरात महाराजांपाशी." शेगावचं मंदिर बंद, रस्त्यावर पोलीस, घरात आम्ही. ती जाणार कुठं? बसली.

हे मी तुझ्याकडूनच शिकले. मॅट्रिकनंतर मला कॉलेजात जायचं होतं, चुलीपाशी बसून रडत होते, आणि तू हातातली फुंकणीही खाली न ठेवता म्हणालीस, "रडून काऊन राह्यली? पोथी घे, मन लागते." मन लागलं, खोटं कशाला बोलू. महाराजांवरचा विश्वास तेव्हापासूनचा. पण मला काय पाहिजे होतं हे तू एकदाही विचारलं नाहीस, आणि मी तेच माझ्या लेकीच्या पानात वाढलं.

ते दिवस अजून डोळ्यांपुढं आहेत: लेक खणखणीत वाचते आहे. हे बाहेरून म्हणतात, "पाह्य बरं, पोरगी कशी लाइनीवर आली!" चौथ्या दिवसापासून तिच्या ताटात पोळी उरते, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून मी काय करते, तर कणीकच कमी भिजवते. देवघरात फोन थरथरत राहतो म्हणून तो बंद करून टाकते.

सातव्या दिवशी पिठलं-भाकरीचा नैवेद्य झाला. मी म्हटलं, "आता बोल." ती म्हणाली, "सात दिवस मी माहा एक शब्द बोलली नाही, आई. सगळ्यायले किती बरं वाटलं. मी नसतीच, तर असंच बरं वाटत राह्यलं असतं." मीठ मागावं तशा आवाजात बोलली.

मी धावत जाऊन फोन चालू केला. थोड्या वेळात वाजला. पुण्याची ती मुलगी होती. शिव्या देईल वाटलं. "काकू, ती जेवते ना?" एवढंच तिने विचारलं. मी फोन लेकीच्या हातात दिला. मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईही त्याच मुलीने शोधून दिल्या, उपचार फोनवरच सुरू झाले. हे म्हणाले, "आपली पोरगी काय येडी आहे?" मी म्हटलं, "तुम्ही चूप बसा." आमच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

आता दोघी पुण्यात एकत्र राहतात. लेक बरी आहे, हसते. दर सणाला म्हणते, "आई, ये ना, आमचं घर तरी पाह्य." मला जायचं असतं. मग शेजारणी विचारतील, कोणाकडं गेली होती, आणि तिथं माझी जीभ अडते. या वयात मी काय घाबरते, याचीच चीड येते. तिला सांगते, गुडघे दुखतात, एवढ्या लांब एसटीत बसवत नाही.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, म्हणून तुला खरं लिहिते. परवाच शेगावला दर्शनाच्या रांगेत दोन तास उभी होते. गुडघ्यांना काही झालेलं नाही.